वाघोबाच्या राईतलं पडलेलं लाकूड

परसरामभाई, आता आपल्या वादात दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. सकाळी बदलापूरहून अंबरनाथला कामावर जाताना मी सरकारच्या बाजूनं बोलतो आणि संध्याकाळी परतताना तुमच्या बाजूनं. दोन्ही वेळा हरतो. तुम्ही होतात तेव्हा निदान एक जण हरायचा आणि दुसरा चहा सांगायचा.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. कॅम्पातल्या तुमच्या बराकीत लोक अजून येतात, सतरंजीवर बसतात. कोणी म्हणतं, परसराम तोलाचा सच्चा होता. कोणी म्हणतं, फाळणीत सगळं गेलं पण उमेद गेली नाही. सगळं खरं आहे. पण राईचं नाव कोणी काढत नाही. तुमच्या किशननं काढलं नाही, मीही काढलं नाही. स्मशानात मी जे पाहिलं ते तुमच्या मुलाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगणार आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

आपली ओळख लाकडाच्या ओलीवरून झाली. त्या वेळी कॅम्पात तुमची सिंधी माणसं नुकती कुठे टेकत होती. लष्करानं सोडलेल्या बराकी, आत गोणपाटाचे आडपडदे, आणि एकेका बराकीत किती चुली पेटत ते धुरावरूनच कळे. त्या चुलींचं सरपण आमच्या बदलापूरच्या डोंगरांवरून यायचं. इतकं यायचं, की आम्हालाच मिळेनासं झालं आणि मी आमच्याच डोंगराचं लाकूड घ्यायला कल्याण कॅम्पातल्या तुमच्या वखारीत आलो. मी कोठारात काम करणारा माणूस. माल हातात आला की ओल तपासायची, ही सवय. मी म्हटलं, शेटजी, यात निम्मं पाणी आहे.

दुसरा वखारवाला भांडला असता. तुम्ही ओंडका हातात घेऊन वास घेतलात आणि म्हणालात, "साईं, पानी मी नाही घातला. झाड खडा होता तेव्हा खुद पीत होता."

तुमचं मराठी तेव्हा हिंदीचा हात धरून चालत होतं. पण लगेच तुम्ही विचारलंत ते मी विसरलो नाही. लाकूड वाळायलाही कोणी वेळ देत नाही, मग हा डोंगर किती दिवस पुरेल? मी मनातल्या मनात हिशेब करून सांगितलं, की या बराकींतली आज रांगणारी पोरं मोठी होईपर्यंत. तुम्ही ओंडका खाली ठेवलात आणि म्हणालात, "मग ती पोरं काय जाळणार?" त्या दिवशी तुम्ही मला लाकूड दिलं नाहीत. वाळल्यावर या म्हणालात. लाकूड विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या मंडळींनी चूल फुंकता फुंकता माझ्याकडे असं पाहिलं, की दोघांतला शहाणा कोण तेच त्यांना ठरवता येईना.

पुढे कळलं, की सिंधमध्ये तुमच्या घरात तीन पिढ्या जंगलाचे ठेके होते. नदीकाठची बाभळीची जंगलं. पुराचं पाणी ओसरलं की बी रुजे, आणि एक पट्टा तोडला तर पुढची कित्येक वर्षं त्याला हात लावायचा नाही, असा तुमच्या वडिलांचा दंडक. ती जंगलं जुन्या अमीरांनी शिकारीसाठी राखलेली होती, हे सांगताना तुम्ही बोट वर करायचात. हा तुमचा हुकमाचा पत्ता. राजाला शिकार पाहिजे होती म्हणून जंगल राहिलं. कोणाला तरी काहीतरी पाहिजे असतं तेव्हाच जंगल राहतं. मी विचारायचो, आणि राजा गेल्यावर? तुम्ही म्हणायचात, तेव्हा ठेकेदाराला पाहिजे होतं. आणि ठेकेदार गेल्यावर? त्यावर तुम्ही विषय बदलायचात, कारण तो ठेकेदार माझ्यासमोर कॅम्पातल्या बाकड्यावर बसलेला असायचा. हा प्रश्न मी विचारायला नको होता असं मला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी मी तो विचारायचो.

वाघोबाच्या राईत मी तुम्हाला एका रविवारी नेलं. आसपासचे डोंगर बोडके होत चालले होते. ज्यांच्या खाजगी मालकीची रानं होती त्यांना ती हातची जाणार अशी कुणकुण लागली होती, आणि जायच्या आत जेवढं तोडता येईल तेवढं तोडणं चाललं होतं. मधोमध ती राई हिरवीगार, एखाद्यानं ताटातला एकच घास राखून ठेवावा तशी. आत शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड, वर गळकं छप्पर, आणि उंबराच्या मुळातून निघणारा झरा. खालच्या पाड्याला मे महिन्यात पाणी मिळायचं ते त्या झऱ्याचं.

राईची राखण पाटलाच्या घराण्याकडे. आपला बाळू पाटील तिथे विडी ओढत बसला होता. त्यानं तुम्हाला नियम सांगितले. कुऱ्हाड आत न्यायची नाही. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. उभं झाड तर नाहीच, पडलेली काटकीही नाही. आणि बाहेर पडताना सीमेच्या दगडाशी थांबून अंगावरचे कपडे आतल्या बाजूला झटकायचे, म्हणजे चिकटलेलं पान, बी, जे असेल ते राईतच परत पडतं. मी लहानपणापासून झटकत आलो होतो. तुम्हीही झटकलंत आणि पुढे निघालात. पाटलानं तुम्हाला परत बोलावलं. तुमच्या पायजम्याला कुसळं चिकटली होती.

"सेट, वाघोबा कुसल बी मोजतो," तो म्हणाला.

तुम्ही त्या दगडाशी बसून एकेक कुसळ वेचून आत टाकलंत. मला म्हणालात, "साईं, हा तर तुमच्याहून सख्त आहे." आपण तिघंही हसलो. पण त्याच्या आधी, आत असताना, तुम्ही एका आडव्या पडलेल्या खोडावर बसला होतात आणि त्यावरून बराच वेळ हात फिरवत होतात. इतकं जुनं, इतकं वाळलेलं लाकूड वतन सोडल्यापासून पाहिलं नाही, असं म्हणालात. आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "एक जंगल हातातून सुटलं. हे सुटू देणार नाही."

ते तुमचं कोण होतं? ना तुमचा देव, ना तुमचा गाव. पण माणसाला काय हवं आहे हे इतकं स्पष्ट सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या दिवसापासून मी तुम्हाला शेटजी म्हणायचं सोडलं.

गावाला वाघोबाची भीती होती. बाहेरून येणाऱ्या कुऱ्हाडीला नव्हती. वर्षा-दोन वर्षांत ती सीमेच्या दगडापर्यंत येणार, हे आपल्याला दोघांनाही दिसत होतं. उपाय काय यावर मात्र आपलं जमेना. मी म्हणायचो, सरकारनं राई ताब्यात घ्यावी, राखीव करावी, पगारी राखणदार ठेवावा, आणि व्यापाऱ्याची सावलीही पडू देऊ नये. तुम्ही म्हणायचात, राखणदाराला पगार कोण देणार? मुंबईत बसलेला साहेब? एक साल देईल, दुसऱ्या साली विसरेल. ज्या गोष्टीची कमाई नाही तिची राखणही नाही. तुमची कल्पना अशी, की रविवारी मुंबईची, कॅम्पातली, अंबरनाथच्या कारखान्यांतली माणसं सावलीला आणि झऱ्याला येतील. त्यांच्यासाठी चहाचं दुकान, चार बाकडी, आत यायला माणशी लहानशी पट्टी. हे सगळं एकाच माणसाला लांब मुदतीनं द्यायचं. सावली हाच त्याचा माल. माल कोण तोडतो?

मी म्हणायचो, व्यापाऱ्याची नजर मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच जाते. तुम्ही म्हणायचात, आणि साहेबाची बदलीच्या दिवसापर्यंत.

हा वाद आमच्या ओटीवर कितीदा झाला ते मंडळींना विचारा. त्या एकदा म्हणाल्या, "तुम्ही दोघं राई वाचवाल तेव्हा वाचवाल. अंगणातला पेरू पाण्यावाचून चालला आहे." तुम्ही उठून कळशी घेतलीत. मी बसूनच होतो. पेरू जगला, परसरामभाई. यंदा फळंही धरली आहेत.

शेवटी दोघांनी आपापलं थोडं थोडं सोडलं. जमीन आणि झाडं सरकारची, त्यावर कोणाचाही हक्क नाही, हे माझं. चहाचं दुकान आणि यायची पट्टी लांब मुदतीच्या ठेक्यानं, हे तुमचं. आणि राखणदाराचा पगार राईतूनच निघावा म्हणून पडलेलं, वाळलेलं लाकूड दर वर्षी लिलावानं विकायचं. हे तिसरं कोणाचं, यावर आपण तुम्ही जाईपर्यंत भांडलो. माझ्या आठवणीप्रमाणे आपण दोघं त्या पडलेल्या खोडांतून हिंडत होतो, किती लाकूड नुसतं कुजतं आहे असं एक जण म्हणाला आणि दुसऱ्यानं मान डोलावली. कोण म्हणाला आणि कोणी मान डोलावली, ते आता सांगायला दुसरा माणूस उरला नाही.

पाटलाला काटकीही बाहेर न्यायची नाही हा नियम मोडायचा म्हणजे अवघड जाईल असं मला वाटलं होतं. तो चटकन तयार झाला. म्हणाला, "देवाचे डोक्यावं पानी गलतंय, आन् तुमी लाकडं मोजताव. देवाला पत्रं नकोत का?" त्याला वाघोबावर पत्रे हवे होते आणि पुतण्याला राखणदाराची नोकरी हवी होती. यात चूक काय होतं? मला आजही काही सापडत नाही. त्यानं देवाला कौल लावला. उजवा कौल आला. तुम्ही मला हळूच म्हणालात, देवही ठेक्याच्या बाजूचा आहे.

जंगलखात्याला दाखवायला झाडं मोजावी लागली. मी डांबराची डबी घेऊन प्रत्येक झाडावर आकडा घालत गेलो; तुम्ही खिशात चिंचोके टाकत गेलात. संध्याकाळी ताळा घेतला तर तीनशे नव्वदच्या वर कुठेतरी माझी मोजणी तुमच्यापेक्षा दोनानं जास्त. पुन्हा फिरलो. झऱ्याजवळच्या जांभळीला एका मुळातून तीन खोडं होती. मी तीन आकडे घातले होते. तुम्ही एक चिंचोका टाकला होता.

"एक आई, तीन बच्चे. झाड एक," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, तोडणारा तीनदा तोडेल, म्हणून झाडं तीन. अंधार पडेपर्यंत तुम्ही मानलं नाहीत. सरकारात माझा आकडा गेला. पण त्यानंतर कधीही वाद हरायला आलात की तुम्ही विचारायचात, "साईं, जांभूळ एक की तीन?"

रेंजर साहेब भला माणूस होता. स्वतः आला, राईत अनवाणी हिंडला, झऱ्याचं पाणी प्यायला. त्यानं आपलं म्हणणं वर पाठवलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या लवकर काही होईल अशी माझीही अपेक्षा नव्हती. राई राखीव झाली. सीमेवर पाटी लागली. पण खाली येता येता आपल्या योजनेची चाळणी झाली. सरकारी जागेत यायला लोकांकडून पट्टी घेता येत नाही, म्हणून पट्टी गेली. लांब मुदतीचा ठेका देण्याचा अधिकार कोणाला आहे ते ठरेना, म्हणून चहाच्या दुकानाला एकेका वर्षाचा परवाना. पडलेल्या लाकडाचा लिलाव मात्र नियमात बसत होता. तो जसाच्या तसा राहिला. म्हणजे राखणदाराचा पगार आता त्या एकाच गोष्टीतून निघायचा.

त्या दिवशी आपण पेढे वाटले. कॅम्पात तुम्ही आणि गावात मी.

पहिलं वर्ष आठवलं की अजून बरं वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. तुमचं चहाचं दुकान म्हणजे चार बांबू आणि ताडपत्री. रविवारी कॅम्पातली कुटुंबं यायची. बायका झऱ्यात पाय सोडून बसायच्या. ज्यांनी हिरवं काही पाहिलं नव्हतं अशी बराकीतली पोरं झाडांना मिठ्या मारायची. तुमचा नियम असा, की आधीची पत्रावळ उचलून टाकल्याशिवाय दुसरा चहा नाही. अंबरनाथच्या कारखान्यातला एक मोठा अधिकारी रागावला होता तेव्हा तुम्ही त्याला नम्रपणे सांगितलंत, की साहेब, माल खराब होतो. कसला माल, त्यानं विचारलं. तुम्ही वर झाडांकडे बोट दाखवलंत. तो निमूट वाकला. आणि जाताना प्रत्येकाला तुम्ही सीमेच्या दगडाशी कपडे झटकायला लावायचात. सिंधीत, हिंदीत, मराठीत. पाटील बाजूला बसून म्हणायचा, सेट माझा पोट मारनार.

पडलेल्या लाकडाचा लिलावही जोरात झाला. लाकूड इतकं निघालं, की गाड्या कितीतरी दिवस ये-जा करत होत्या. देवावर पत्रे आले. पुतण्याला पगार मिळाला. मी तुम्हाला म्हटलं, पाहिलंत, राई स्वतःचा राखणदार स्वतः पोसते. तुम्ही म्हणालात, पाहिलंत, विकल्यानं काही मरत नाही. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं. असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या वर्षी राईत पडलेलं लाकूड नव्हतं.

असणार कुठून? ते एका वर्षात पडलेलं नव्हतंच. कोणी काटकी उचलायची नाही या नियमानं पिढ्यान्‌पिढ्या पडत गेलेलं, साचत गेलेलं लाकूड होतं ते. त्या ढिगाकडे पाहून आपण तो वर्षाचा उतारा धरला. मी, ज्याची उभी हयात कोठारात शिल्लक आणि आवक वेगळी मांडण्यात गेली. तुम्ही, ज्यांच्या तीन पिढ्यांनी जंगलं राखून तोडली. ज्याला ते विकायचं नव्हतं अशा कोणालाही ही चूक करता आली नसती. त्याला मोजायची गरजच पडली नसती.

लिलाव मात्र झाला, कारण तो दर वर्षी व्हायचाच होता. कल्याणकडच्या एका ठेकेदारानं बोली लावली. लिलावात लिहिलेलं होतं वाळलेलं किंवा पडलेलं, आणि राईत काही नव्हतं. मग झाडं वाळू लागली.

तुम्हीच मला आधी दाखवलंत. ऐनाच्या एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळा नीट लोटून ठेवला होता. तुम्ही तो पायानं सारलात. खाली सालीचा वीतभर पट्टा गोलाकार सोललेला होता. वर झाड हिरवंच होतं, त्याला अजून कळलं नव्हतं. तुम्ही एकेका झाडाचा पाचोळा सारत राईभर फिरलात आणि मी मागून. मोजू नका, असं मागे न वळता म्हणालात. मी मोजलं नाही.

राखणदार पोरगा समोर उभा होता. त्याला ठाऊक होतं, हे आपल्याला ठाऊक होतं. तो वाईट नव्हता. झाड वाळलं नाही तर लिलाव नाही, लिलाव नाही तर पगार नाही. ही व्यवस्था त्यानं केलेली नव्हती. पाटलानं त्याला चार शिव्या दिल्या आणि मग स्वतःच खाली बसला. म्हणाला, "पत्रं काडून टाकू का? काय करू, सांगा."

आपण वर कळवलं. रेंजर साहेबाची बदली झाली होती. नवीन साहेबानं पाहणी केली आणि त्याला सगळं नियमाप्रमाणे आढळलं, कारण ते नियमाप्रमाणेच होतं. जे झाड तोडलं ते वाळलेलं होतं. प्रत्येकावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का होता, माझा आकडा होता. परसरामभाई, वाघोबाच्या राईतलं एकही झाड चोरीला गेलं नाही. मी स्वतः ताळा पाहिला आहे. उभी झाडं कमी होत गेली आणि चोरी शून्य.

मग आपण एकमेकांवर उलटलो. मी म्हटलं, बघा तुमचा ठेकेदार. तुम्ही म्हणालात, मी लांब मुदत मागितली होती. एक वर्षाच्या ठेक्यात देवसुद्धा झाड सोलेल. बघा तुमचं सरकार. मी म्हटलं, सरकारनं विकायला काढलं नसतं तर. तुम्ही म्हणालात, सरकारला नीट विकता येत नव्हतं म्हणूनच हे झालं. कॅम्पातल्या चहाच्या दुकानात लोक आपल्याकडे वळून पाहत होते. दोन म्हातारे होऊ घातलेले गृहस्थ कशावरून भांडतात ते कोणाला कळत नव्हतं. मी तुम्हाला, तुम्हीही शेवटी लाकूडवालेच, असं म्हणालो. तुम्ही उठून गेलात.

त्याच आठवड्यात राईचं लाकूड कॅम्पात आलं. चांगलं, खणखणीत वाळलेलं. दुसऱ्या वखारी भरल्या. तुम्ही गाडी दारातून परत पाठवलीत. पुढेही घेतलं नाहीत, आणि आमच्या बाजूला दुसरं लाकूड उरलंच नव्हतं. वर्षभरात तुमची वखार बंद पडली. किशननं तिथे शिलाईची यंत्रं बसवली. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, त्यानं सांगितलं. मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही यंत्रांच्या खडखडाटात बसून एका पोराला बटणं निवडायला शिकवत होतात. मी जे बोललो होतो त्याबद्दल काही म्हणावं तर कसं, असं माझं चाललं होतं. तुम्ही विचारलंत, चहा पिणार ना?

झरा लगेच आटला नाही. आधी मे महिन्यात बारीक झाला, मग मे यायच्या आधीच. पाड्यावरच्या बायका हंडा लावून तिथेच बसकण मारायच्या. आता त्या नदीवर जातात. रविवारची माणसं सावली गेल्याबरोबर बंद झाली. त्यांचा काय दोष? दोन वर्षांनी तुमच्या दुकानाचा परवाना मिळाला नाही, तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, उन्हाचं दुकान कोण चालवणार?

शेवटचे तुम्ही भेटलात ते अंथरुणात. भाभींनी खिडकीला ओला पडदा लावला होता. आवाज अगदी खाली गेला होता. मला वाटलं राईचा विषय निघू नये, आणि तुम्ही तोच काढलात. म्हणालात, तुमच्या सरकारचं चुकलं नव्हतं, साईं. त्यानं राखायचं म्हटलं, मनापासून म्हटलं. चूक आमची. लाकडाचा ढीग पाहून त्यात किती सालांचं आहे हे ठेकेदाराच्या पोराला कळायला हवं होतं. मी म्हटलं, छे, तुमची लांब मुदतीची गोष्ट खरी होती, चूक आकडेवाल्याची. तुम्ही म्हणालात, नाही. मी म्हटलं, होय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बाजाराच्या बाजूनं बोलत होतो आणि तुम्ही सरकारच्या. दोघांनाही हार हवी होती आणि दोघंही ती दुसऱ्याला देत नव्हतो. भाभी म्हणाल्या, भांडू नका. तुम्ही डोळे मिटलेत आणि विचारलंत, "जांभूळ एक की तीन?"

जांभूळ तोडून दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, तीन.

एक म्हणायला हवं होतं. काय बिघडलं असतं?

आता स्मशानातलं सांगतो.

तुमची बातमी कळली तेव्हा पाटील माझ्याबरोबर कॅम्पात आला. तो कधी कॅम्पात येत नसे. सगळं घाईत चाललं होतं. लाकूड किशनच्या मित्रांनी जवळच्या वखारीतून आणलं. ते कुठलं, हे कोण विचारणार? लाकडं रचताना एक ओंडका माझ्या हाती आला. एका बाजूची साल शाबूत होती आणि तिच्यावर डांबराचा आकडा होता. तीन, आणि पुढे आठ. त्यापुढचा आकडा सालीबरोबर निघून गेला होता. अक्षर माझं. मी तीनाची शेपटी खाली ओढतो. चूक होणं शक्य नाही.

तीनशे ऐंशी ते तीनशे एकोणनव्वद, यांतलं ते एक झाड. कोणतं, ते मला कधी कळणार नाही.

ज्या माणसानं राईतलं एक कुसळ बाहेर नेलं नाही, ज्यानं ते लाकूड नको म्हणून वखार बुडवली, त्याला त्याच लाकडावर ठेवायचं. हे बदला, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. शेजारी पाटील होता. त्याला आकडा वाचता येत नाही, पण ऐनाची साल तो अंधारातही ओळखतो. त्यानं माझ्या हातातून ओंडका घेतला आणि आकडा खाली जाईल असा रचला.

"गप ऱ्हावा, सायेब," तो म्हणाला. "पोराला नको."

लाकूड चांगलं वाळलेलं होतं. फार वेळ लागला नाही.

परतताना वारा सुटला. माझ्या सदऱ्यावर, पाटलाच्या धोतरावर राख येऊन बसली. स्मशानाच्या फाटकाशी आल्यावर पाटील सवयीनं थांबला, मागे वळला आणि धोतराचा सोगा झटकायला त्यानं हातात धरला. मीही सदऱ्याला हात घातला होता. मग तो तसाच उभा राहिला.

"झटकू कुठं?" त्यानं विचारलं. "राई कुठं हाय?"

त्यानं सोगा सोडून दिला. आम्ही विठ्ठलवाडीच्या बाजूनं स्टेशनकडे चालू लागलो. अंगावरचं कोणी झटकलं नाही.